गाडीच्या डिकीतली शिदोरी

उंद्रीच्या स्टँडवर मी भर मे महिन्यात, दुपारच्या उन्हात, अंगात जाडजूड कोट घालून चिखलीच्या गाडीची वाट पाहत उभी होते. हौस म्हणून नव्हे. बॅगा विमानाच्या वजनात बसत नव्हत्या, सगळ्यात जड वस्तू कोटच होता, आणि तो हातावर घ्यायला हात रिकामा नव्हता. समोरच्या पानठेल्यावरची माणसं आधी नुसती बघत राहिली, मग हसायला लागली, आणि मग त्यांच्यातलाच एक जण उठून माझ्यासाठी थंड पाणी घेऊन आला. कोट चिखलीच्या बाजारातला. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की काश्मीरला जाणारे लोक त्याच्याकडूनच कोट नेतात. चिखलीहून काश्मीरला असे कितीसे लोक जातात, हे विचारायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नाही.

गाडी आली तेव्हा मायने माझ्या हातात डबा दिला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाच्या लोणच्याच्या चार फोडी. पहाटे उठून केलेल्या दशम्या अजून कोमट होत्या. आदल्या रात्रीच करून ठेव आणि जरा झोप, असं मी तिला बजावलं होतं, पण ती माझं ऐकणार नव्हतीच. "शिळं घालून मानसाले वाटंले लावत नसतात, मंदे," असं म्हणून तिने विषय संपवला होता. ती स्वतः त्या दिवशी रात्रीची भाकर चहात बुडवून खाऊन निघाली होती. ते मी पाहिलं होतं, पण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. बाबा गाडीच्या खिडकीपाशी उभे होते. "पोचल्यावर फोन कर," एवढंच ते म्हणाले, आणि गाडी सुटल्यावर त्यांनी रुमालाने डोळ्यांऐवजी मान पुसली. ऊन फार होतं.

हे मी दोघांसाठी लिहिते आहे. तिकडे राहिलेल्यांसाठी, जे दर हिवाळ्यात ग्रुपवर 'बर्फाचे फोटो टाक ना' म्हणून मागे लागतात, आणि माझ्यासारखं इकडे येऊन पडलेल्यांसाठी, जे ते फोटो टाकतात आणि मग फावडं घेऊन गाडी उकरायला बाहेर पडतात. तुमचं काय बुवा, मजा आहे, असं मला परवाही एका वर्गमैत्रिणीने लिहिलं. मी हसण्याचं चित्र पाठवलं. खरं उत्तर टाइप करायला अंगात त्राण नव्हतं, रात्रपाळी करून आले होते.

आम्ही मॅनिटोबात राहतो. कॅनडाच्या नकाशात बरोबर मध्ये बोट ठेवलंत की सापडेल. सतीश, माझा नवरा, माझ्या वर्षभर आधी इथे आला. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि निम्मा आठवडा रस्त्यावर असतो. मी गावातल्या वृद्धाश्रमात कामाला आहे. दुसऱ्यांच्या आयांना उठवते, धुते, पुसते, भरवते. जमीन आपल्या वऱ्हाडासारखीच सपाट आणि काळी आहे, म्हणून पहिल्या उन्हाळ्यात मला वाटलं होतं की निभेल. मग ऑक्टोबर आला. चिखलीचा काश्मिरी कोट घालून मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि परत येईपर्यंत दोन्ही कान हरवल्यासारखे झाले. तेव्हा तर खरा हिवाळा सुरूही झाला नव्हता.

शेजारी हेलन नावाच्या आजी राहतात. ऐंशी ओलांडलेल्या, आयुष्य शेतीत गेलेलं, आता एकट्या. त्यांनी एकदा मला विचारलं की गाडीत हिवाळ्याचं काय काय ठेवलं आहेस. मी म्हटलं, एक जादा चाक आहे आणि समोर लहानसा गणपती आहे. त्यांनी काचेतून गणपतीकडे आदराने पाहिलं आणि म्हणाल्या, त्यालाही थंडी वाजेल. दुसऱ्या दिवशी एक मोठी प्लास्टिकची पेटी घेऊन त्या दारात हजर झाल्या.

इथे रस्ते सरळसोट असतात आणि गावांमध्ये अंतर फार. वारा सुटला की जमिनीवरचा बर्फ उडायला लागतो आणि पुढचा रस्ता दिसेनासा होतो. गाडी घसरून कडेला गेली तर मदत यायला कितीही वेळ लागू शकतो. तोवर गाडी सोडून जायचं नाही, चालत जाणारी माणसं सापडत नाहीत, असं हेलन आजी सांगतात. मग गाडीतच जिवंत राहायचं तर काय काय लागेल, त्याची ती पेटी. घडीचं फावडं लागतं, कारण धूर बाहेर टाकणारी नळी बर्फाने बुजली तर तो विषारी धूर आत येतो. म्हणून आधी नळी मोकळी करायची, मग इंजिन थोडा वेळ चालवायचं, आणि गाडी उबदार झाली की बंद करायचं. पत्र्याच्या डब्यात उभी केलेली जाड मेणबत्ती लागते, ती लावली की काच बोटभर उघडी ठेवायची. पंजाचे मोजे पाच बोटांचे नको, अंगठा सोडून सगळी बोटं एकत्र राहतील असे हवेत, बोटं एकमेकांना गरम ठेवतात. बाहेर बांधायला भडक रंगाचं कापड हवं. त्यासाठी मी माझ्या एका नारिंगी साडीचा काठापासून वीतभर रुंद पट्टा फाडला. ती साडी इथे नेसायला मिळणार नव्हतीच.

पांघरूण निवडायची वेळ आली तेव्हा मात्र माझा आणि आजींचा खटका उडाला. मी घरातली जाड सुती चादर आणली. त्यांनी ती बोटांत धरली आणि सुती म्हटल्यावर बाजूला ठेवली. सुती कापड ओलं झालं की वाळत नाही, उलट अंगातली ऊब ओढून घेतं, थंडीत सुतासारखा वैरी नाही, असं त्यांचं म्हणणं. लोकर चालेल, नाहीतर ते फरसारखं कृत्रिम कापड. मी ऐकून घेतलं, पण मला मनापासून राग आला. आमच्या घरात ओसरीभर कापूस असायचा, आम्ही लहानपणी त्यावर लोळलो, त्याच्याच पैशावर शिकलो, चिखलीत पिंजून भरलेल्या गादीवर झोपलो. आणि ही बाई कापसाला वैरी म्हणते. बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तिले म्हना, अकोल्याच्या उन्हात लोकर घालून दाखव." शेवटी पेटीत फरची कांबळीच गेली.

खाण्याची निवड मी स्वतः केली. आजींच्या यादीतल्या गोड वड्या मला गिळवत नव्हत्या. उणे तीसमध्ये पाणी असलेली प्रत्येक गोष्ट दगड होते, हे एव्हाना कळलं होतं. म्हणून मी एका ताटात घरातले सगळे पदार्थ मांडले आणि ते ताट रात्रभर मागच्या दाराबाहेर ठेवलं. सकाळी आम्ही दोघांनी एकेक तोंडात घालून पाहिला. खजूर चामड्यासारखा झाला होता. बेसनाचा लाडू भिंतीवर मारला तर भिंतीला पोचा पडला असता. चिक्कीने सतीशच्या दाढेवरचं टोपण काढलं आणि पुढचे दोन दिवस त्याने माझ्या प्रयोगाचं नाव काढू दिलं नाही. गुळाचा खडा चाटण्यापलीकडे काही करता येत नव्हतं. पास झाले ते भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, शेव आणि कुटून भुगा केलेला गूळ. म्हणजे चिखलीच्या स्टँडवर गाडीच्या खिडकीतून कागदाच्या पुडीत मिळतं तेच. सात समुद्र ओलांडून, बर्फाचा अभ्यास करून मी पुन्हा त्या पुडीपाशी येऊन पोचले होते. पाण्याची बाटली पाऊणच भरायची, नाहीतर फुटते. पेटीचं नाव आम्ही शिदोरी ठेवलं. दर ऑक्टोबरात ती भरायची आणि देवाला हात जोडून ती उघडायची वेळ येऊ नये म्हणायचं, असं आमचं चाललं होतं.

मग बाबा गेले. तिकीट मिळेपर्यंत सगळं उरकलेलं होतं, त्याबद्दल मी लिहू शकत नाही. भाऊ पुण्याला दोन खोल्यांत, त्याची बायकोही नोकरीवाली. माय उंद्रीत एकटी राहिली. मी वृद्धाश्रमात कुणाच्या तरी आईच्या पाठीला तेल लावत असायचे आणि डोक्यात एकच असायचं, की माझ्या आईच्या पाठीला तेल कोण लावतं. तिने कायमचं माझ्याकडे यावं, असं मला वाटत होतं. वाटत होतं म्हणजे हट्टच होता. दोन वर्षं मी तिच्या मागे लागले होते. शेवटी ती म्हणाली, "एक हिवाळा राहून पाहतो. जमलं तं राहीन, नाही जमलं तं मले बळजबरी नोको करू." त्यावर माझी सगळी मदार होती.

ती आली तेव्हा तिच्या बॅगेत एक गोधडी होती. तिच्या आणि बाबांच्या आईच्या जुन्या लुगड्यांची, तिने स्वतः शिवलेली. बाकीच्या बॅगेत मेथ्या, ज्वारीचं पीठ, तिखट, आणि अंगावर घालायला एकही गरम कपडा नाही. मी तिला लोकरी बनियन, मोजे, कोट, टोपी सगळं चढवलं. तिने आरशात पाहिलं आणि म्हणाली, "हे पाह्य, म्या तं आता अस्वल झालो." कोटाला मात्र दोन मोठे खिसे होते आणि ते तिला आवडले.

घरात ती दिवसभर एकटी असायची. खिडकीतून बाहेर पांढरं दिसायचं, माणूस दिसायचं नाही. मी थकून यायचे, जेवायचे आणि झोपायचे. आम्ही फोनवर जास्त बोलायचो, असं माझ्या मनात येऊन गेलं. तिला काहीतरी काम हवं असायचं. ती माझे आधीच धुतलेले डबे पुन्हा धुवायची. हेलन आजी तिच्यासोबत तासभर येऊन बसायच्या, दोघी एकमेकींची भाषा न समजता भाजी निवडायच्या. जानेवारी लागला तशी मी मनात हिशोब करू लागले की अर्धा हिवाळा निघाला, माय काही बोलत नाही, म्हणजे बहुतेक राहील.

शिदोरीची पेटी तिने पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती दचकली होती. "मेनबत्ती, काडीपेटी, कांबया... गाडीत काऊन असं अभद्र सामान ठेवतं वं?" मी तिला समजावलं, फसलो तर लागतं. ती म्हणाली, असं बोलूही नये. मी हसले आणि विसरले.

तिच्या डोळ्यांची तपासणी विनिपेगला होती, आमच्याकडून दीड-दोन तासांवर. सतीश ट्रकवर गेलेला, मी सुट्टी घेतली. सकाळी ऊन होतं. डॉक्टरांनी मोतीबिंदू पिकला नाही म्हणून सांगितलं, आम्ही एका ठिकाणी चहा घेतला आणि परत फिरलो. निम्मी वाट झाली असेल, तेव्हा वारा सुटला. आधी रस्त्यावरून धुरासारखं काही सरपटत गेलं, मग समोरची गाडी दिसेनाशी झाली, मग माझ्या गाडीचं नाकही दिसेना. मी वेग कमी केला, आणि कमी करतानाच चाकं सटकली. गाडी सावकाश, अगदी शहाण्यासारखी, कडेच्या खोलगट जागेत जाऊन बसली. कुणाला लागलं नाही. डुलकीतून जागी होत माय म्हणाली, "आली काय उंद्री?" तिला वाटलं मी थांबवली.

मदतीसाठी केलेला फोन लागला. पलीकडच्या बाईने सांगितलं की रस्ता बंद केला आहे, वारा पडल्याशिवाय कुणी निघू शकत नाही, गाडीतून उतरू नका. टाकी अर्धी भरलेली होती. मी मायला म्हटलं, घाबरू नको, आपल्याकडे शिदोरी आहे. मी फावडं घेऊन उतरले, धुराची नळी मोकळी केली, नारिंगी पट्टा आरशाला बांधला आणि पेटी ओढून आत घेतली. एवढ्या वेळात माझी पँट गुडघ्यापर्यंत बर्फाने भरली होती आणि आत येताच तो बर्फ वितळायला लागला.

पेटी उघडली तर तिच्यात फरची कांबळी नव्हती. तिथे नीट चौकोनी घडी घातलेली गोधडी होती. शेंगदाणे, फुटाणे, शेव यांच्या बरण्या नव्हत्या. स्टीलचा तीन मजली डबा होता, आणि काठोकाठ भरलेली स्टीलची बाटली, जिचं बूड फुगून बाहेर आलं होतं आणि जी शिवणीवर चिरली होती. डबा मी उघडला. वरच्या मजल्यावर दशम्या, मधल्यात पिठलं, खालच्यात वांग्याचं भरीत. दशमी मी उचलली तर ती छपरावरच्या कवेलूसारखी ताठ राहिली. पिठल्यात बोट घातलं तर बोट टणकन लागलं.

माय माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. "तुह्या कांबयाले धूळ लागली होती, म्हून धुतल्या. आजून वल्ल्या हायेत, घरात टाकल्या वाळू. आन् ते दाने तं खवट झाले होते, ऑक्टोबरचे. पोरगी रस्त्यानं जाते, तिच्या डब्ब्यात शिळं कसं ठेवू? म्हून काल दुपारी ताजं केलं." मला ओरडावंसं वाटलं. तोंड उघडलंही होतं. पण खरं सांगते, इतकी दमले होते की ओरडायला लागणारी ताकद काटकसरीने वापरावी लागेल, असा विचार आला आणि मी तोंड मिटलं. माय समजली. ती आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिली, जणू ते कुणा दुसऱ्याचे हात आहेत.

इंजिन थोडा वेळ चालवलं, बंद केलं. मेणबत्ती तिने अभद्र म्हणून काढून टाकली नव्हती, तेवढं नशीब. ती लावली. आम्ही दोघी मागच्या सीटवर एकमेकींना चिकटून बसलो. माय मला गोधडीत गुंडाळायला लागली, पण माझी पँट ओली होती, गोधडी भिजली असती. मी म्हटलं तू घे, मला नको. मग तिने गोधडी स्वतःभोवती घेतली, कोटाची चेन उघडली आणि माझे दोन्ही पाय वर ओढून, ओले मोजे काढून, पावलं आपल्या पोटाशी धरली. मी चाळिशीची बाई. लाज वाटण्याइतकीही शुद्ध नव्हती, पाय दुखत होते, मग दुखायचे थांबले आणि मला त्याचीच भीती वाटली.

अंधार झाला. इथे जानेवारीत दुपारनंतर लगेचच होतो. मी पुन्हा एकदा उतरून नळी मोकळी केली, परत आले तेव्हा दात वाजत होते आणि हात ऐकत नव्हते. अंगाला ऊब पोटातून येते, पोटात काही नसेल तर पांघरूण काय तापवणार, हे हेलन आजींनी मला सांगितलं होतं. मायने दशमी काखेत धरून ठेवली होती, पण ती नुसती कडांना ओली झाली होती. मी म्हटलं, माय, काही खाल्लं पाहिजे.

माय जरा घुटमळली. मग तिने कोटाच्या खिशात हात घातला आणि मूठ माझ्यासमोर उघडली. मुठीत फुटाणे आणि शेंगदाणे होते. मी विचारलं, "हे कुठून आणलं?"

"तुह्याच डब्ब्यातले हायेत. जुने झाले म्हून काहाडले, पन अन्न टाकवते काय? मीच खाऊन राह्यलो दोन दिस झाले." दुसऱ्या खिशात कागदात बांधलेला कुटलेला गूळ होता. शेव तिने सकाळी चहासोबत संपवली होती, त्याबद्दल तिला आता वाईट वाटत होतं.

मला रडू आलं. तिकडच्या आणि इकडच्या सगळ्यांना सांगते, मी हमसून रडले, आणि रडता रडता खात होते. दाणे खरंच खवट होते. जन्मभर मायने ताजं आमच्या डब्यांत भरलं, आणि रात्रीचं, परवाचं, बुरा यायला आलेलं स्वतः खाल्लं, कुणाला न सांगता, चहात बुडवून. पहाटे केलेल्या दशम्या माझ्यासोबत मुंबईपर्यंत आल्या होत्या आणि तिच्या ताटात रात्रीची भाकर होती. ते मी पाहिलं होतं. आज तिचं ताजं गोठून दगड झालं होतं आणि तिचं शिळं तिच्या अंगाच्या उबेत राहिलं होतं. ती एकेक फुटाणा माझ्या तोंडात घालत होती आणि म्हणत होती, "चाव, झोपू नोको. मंदे, चाव बरं."

वारा पडल्यावर पिवळे दिवे दिसले. आधी बर्फ ढकलणारी मोठी गाडी आली, तिच्या मागे पोलिसांची. त्यांना आरशाला बांधलेली नारिंगी साडी दिसली होती. त्यांनी आम्हाला चकचकीत चंदेरी कागदासारख्या पांघरुणात गुंडाळलं. माय तशातही ते बोटांनी चाचपून म्हणाली, "हा तं डब्ब्यात पोया बांधायचा कागद व्हय." माझ्या पायाच्या दोन बोटांची टोकं काळीनिळी पडली होती, ती पुढे बरी झाली. थंडीत अजून ठसठसतात.

घरी आल्यावर मी मायला बोल लावला नाही. कांबळी वाळली होती, ती घडी करून पेटीत ठेवली. पण माय बदलली होती. ती आता डबे धुवत नव्हती. काही करायच्या आधी विचारायची, हे करू काय, ह्याले हात लावू काय. मला तिचं ते विचारणं सहन होत नव्हतं. फेब्रुवारीत एका सकाळी ती म्हणाली, "बर्फ सरला की मले उंद्रीले लावून दे."

मी म्हटलं थंडीला घाबरलीस का. ती म्हणाली थंडी काय, थंडी सोसता येते. "अथी म्या तुह्यासाठी जे करायले जातो ते उलटं होते, बाई. मले अथचं काही समजत नाही, आन् काही न करता बसनं मले जमत नाही. तथी मी एकटी असन, पन माह्या हातानं कोनाचं वाईट तं होनार नाही." मी पुष्कळ बोलले. तुझ्याच खिशातल्या दाण्यांनी मला जागं ठेवलं, हेही बोलले. ती हसली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. तिचं ठरलं होतं, आणि बळजबरी करायची नाही असं मी आधीच कबूल केलं होतं.

ती गेली त्या दिवशी पहाटे उठून मी दशम्या केल्या. आदल्या दिवशी डबल पाळी झाली होती, सतीश म्हणत होता बाजारातून काहीतरी घेऊ. मी ऐकलं नाही. विमानतळावर डबा हातात दिला तेव्हा तिने तो गालाला लावून पाहिला, कोमट आहे का म्हणून. गोधडी ती माझ्याकडेच ठेवून गेली. ती आमच्या पलंगावर असते, गाडीत नसते. हिवाळ्यात घरातल्या घरात कापसाइतकं चांगलं काही नाही, हे हेलन आजीही आता मान्य करतात.

त्यानंतरचे हिवाळे मी मायशिवायच काढले आहेत. वृद्धाश्रमात कुणाच्या आईच्या पाठीला तेल लावताना माझ्या मनात अजूनही तोच प्रश्न येतो. उंद्रीत शेजारची चुलती मायकडे झोपायला येते. मी रोज फोन करते. आम्ही पुन्हा फोनवरच छान बोलतो. लोक विचारतात, परत येणार का, आणि मी म्हणते, बघू. हे 'बघू' किती दमलेलं आहे ते फक्त माझ्यासारखं इकडे आलेल्यांना कळेल. उंद्रीला मी दोनदा जाऊन आले. पानठेला आहे, स्टँड आहे, पण मला तिथे पाणी आणून देताना आता माणसं बाटली विकत आणतात, पाहुणी म्हणून. इथे मला रस्ता, थंडी, पेटी सगळं कळतं, पण घर म्हणायला जीभ वळत नव्हती.

मागच्या ऑक्टोबरात मी पेटी भरत होते आणि मायचा फोन चालू होता, बाजूला स्पीकरवर. ती दरवर्षी या सुमारास न चुकता विचारते. "डब्बा भरला काय वं?"

"भरून राह्यली, माय. शेंगदाणे आजच भाजले. फुटाणे ताजे आणले."

"हाव, ताजेच ठेव. आन् मांगच्या वर्षीचे काय केले? टाकले?"

मी उत्तर द्यायला थांबले, कारण तेच दाणे तोंडात होते. कामावर जाता-येता, जेवायला वेळ मिळाला नाही की, आठवडाभर मी तेच खात होते. कोटाच्या खिशात ठेवलेले, जरा खवट झालेले.

"खाऊन राह्यली," मी म्हटलं.

"कोन?"

"म्या."

माय अगदी हळू बोलली, आणि तिच्या आवाजात रडणंही नव्हतं आणि हसणंही नव्हतं.

"शिळं घरची बाई खाते, पाहुनी नाही. मंग आता तुह्यं घर तथीच झालं, मंदे. आता मी परत ये म्हून तुह्या मांगं लागत नाही."

ती माझ्या मागे लागली होती, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी बरणीचं झाकण लावलं, पेटी डिकीत ठेवली आणि खिशातले उरलेले दाणे खात कामावर गेले.